स्कॉटलंडबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ग्लासगो किंवा एडिनबरात प्रवेश मिळालेली मुलं, नोकरीनिमित्त येणारी जोडपी आणि उन्हाळ्यात नातवंडांकडे येणारे आजी-आजोबा साधारण तेच तेच विचारतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली आहेत. किल्ले आणि सरोवरांची माहिती कुठेही मिळते. इथे भर आहे तो रोजच्या जगण्यावर, आणि पोस्टकार्डावरचं स्कॉटलंड आलं कुठून यावर.

स्कॉटलंड म्हणजे इंग्लंडच ना?

नाही, आणि हे वाक्य इथे कुणासमोर बोलू नका. स्कॉटलंड हा युनायटेड किंग्डममधला वेगळा देश आहे. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला. राजा एक झाला, पण राज्यं दोनच राहिली. १७०७ मध्ये दोन्हीकडच्या संसदा एक झाल्या, तरी कायदा, शिक्षण आणि चर्च या तीन गोष्टी स्कॉटलंडने आपल्या हातातून सोडल्या नाहीत. १९९९ पासून एडिनबरात पुन्हा स्वतःची संसद बसते. आरोग्य आणि शिक्षणाचे निर्णय तिथे होतात, संरक्षण, परराष्ट्र धोरण आणि व्हिसा लंडनकडे. त्यामुळे व्हिसाचे नियम ब्रिटनभर सारखे, पण पदवी मात्र इंग्लंडमध्ये सहसा तीन वर्षांची आणि इथे चार वर्षांची.

लोकसंख्या सुमारे ५५ लाख, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. माणसं ‘स्कॉटिश’, ‘स्कॉच’ फक्त बाटलीतली.

मग त्यांना स्वतंत्र व्हायचंय का?

१८ सप्टेंबर २०१४ ला यावर सार्वमत झालं. ५५.३ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं, ४४.७ टक्के ‘हो’ म्हणाले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही मत होतं. दोन वर्षांनी ब्रेक्झिटच्या मतदानात स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी युरोपात राहण्याचा कौल दिला, तरी बाहेर पडावं लागलं. तेव्हापासून जुना वाद नव्याने धुमसतोय. एकाच घरात दोन्ही बाजूंची माणसं सापडतात. ओळख होईपर्यंत हा विषय आपण होऊन काढू नये, समोरच्याने काढला तर निवांत ऐकावं.

नोटा वेगळ्या का दिसतात? लंडनला चालतात का?

बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल बँक या तीन व्यापारी बँका आपापल्या नोटा छापतात. पाउंड तोच, किंमत तीच. लंडनच्या दुकानात कधीमधी कुणी नोट उलटसुलट करून बघतो, एवढंच. भारतात परत जाताना मात्र या नोटा नेऊ नका, तिथे बदलून देणारा शोधत फिरावं लागतं.

पाऊस खरंच इतका पडतो?

आकडे ऐकून गंमत वाटेल. एडिनबरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो, म्हणजे जवळपास पुण्याइतकाच. ग्लासगोत हजाराच्या वर. पश्चिमेच्या डोंगराळ भागात काही ठिकाणी तीन हजारांहून जास्त. मुंबईकराला यात घाबरण्यासारखं काहीच नाही. फरक इतकाच की आपला पाऊस चार महिन्यांत हिशेब चुकता करून मोकळा होतो, इथला बारा महिने हप्ते भरत राहतो. धो-धो क्वचित, बहुतेक वेळा भुरभुर आणि राखाडी आभाळ. अशा दिवसाला इथे ‘ड्रीख’ म्हणतात आणि तो शब्द तुम्ही पहिल्याच आठवड्यात शिकाल. पूर्व किनाऱ्यावर समुद्रावरून धुकं आत येतं, त्याला ‘हार’. उन्हात निघालेल्या माणसाला ते भर दुपारी गाठतं.

छत्री आणू नका. वारा ती उलटी करतो, आणि शहरातल्या कचऱ्याच्या डब्यांतून मोडक्या काड्या बाहेर आलेल्या दिसतील. टोपी असलेलं चांगलं वॉटरप्रूफ जॅकेट आणि पाणी न शिरणारे बूट इथेच येऊन घ्या.

थंडीपेक्षा त्रास होतो तो अंधाराचा. डिसेंबरच्या शेवटी एडिनबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. नवीन आलेल्यांचा मूड नोव्हेंबरात बिघडतो आणि त्यांना वाटतं आपलंच काहीतरी बिनसलंय. दुपारी बारा ते दोनमध्ये बाहेर चालून या, व्हिटॅमिन डी घ्या. हिवाळ्यात ते घ्यायचा सरकारी सल्लाच आहे. जूनमध्ये याची भरपाई होते. रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि आजोबांना जेवायची वेळ झाली हे पटत नाही.

सगळे किल्ट घालून फिरतात का?

नाही. किल्ट दिसतो तो लग्नात, पदवीदान समारंभात आणि फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय सामन्याला. शिवाय पर्यटकांच्या रस्त्यावर बॅगपाइप वाजवणाऱ्याच्या अंगावर. बाकी दिवशी जीन्स.

याचा इतिहास मजेदार आहे. मूळ वस्त्र म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, हायलँड्समधल्या माणसांची लांबलचक लोकरी घोंगडी. कंबरेला पट्ट्याने आवळायची, उरलेली खांद्यावर टाकायची, रात्री तीच पांघरायची. आज दिसतो तो आखूड, शिवलेल्या चुण्यांचा किल्ट अठराव्या शतकातला, आणि तो रूढ करण्याचं श्रेय बऱ्याचदा दिलं जातं ते टॉमस रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज लोखंड कारखानदाराला! दक्षिणेकडच्या सखल भागातले लोक तेव्हा हायलँडरला रानटी समजत आणि त्याच्या कपड्यांना हसत.

१६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळरानावर जॅकोबाइट सैन्याचा, म्हणजे स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवायला निघालेल्या आणि हायलँडरांचा मोठा भरणा असलेल्या सैन्याचा, तासाभराच्या आत धुव्वा उडाला. त्यानंतर सरकारने हायलँडच्या पोशाखावरच बंदी आणली. सूट फक्त सरकारी पलटणींना. बंदी उठली १७८२ मध्ये. मग १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरात आला. जवळपास पावणेदोनशे वर्षांत गादीवरचा राजा प्रथमच स्कॉटलंडला येत होता. स्वागताचा सगळा थाट लेखक सर वॉल्टर स्कॉट यांनी बसवला आणि झाडून सगळ्यांना टार्टन, म्हणजे रंगीत चौकटींचं लोकरी कापड, घालायला लावलं. खुद्द राजेसाहेब किल्टखाली गुलाबी तुमान चढवून आले, त्यावरून व्यंगचित्रकारांनी त्यांची पुरती रेवडी उडवली. पण फॅशन टिकली. ‘आमच्या घराण्याचं हे टार्टन’ ही यादी बहुतांशी त्यानंतरची. ज्यांना काल हसत होते त्यांचेच कपडे सगळ्या देशाने राष्ट्रीय पोशाख म्हणून अंगावर चढवले. तेही त्याच काळात, जेव्हा मेंढ्यांसाठी कुरणं हवीत म्हणून हायलँडमधल्या कुळांना जमीनदार हुसकून लावत होते. दुकानांतल्या टार्टनच्या रांगा बघताना मला हे आठवतंच.

आपण घातला तर चालतं का? खुशाल घाला. भाड्याने मिळतो, दुकानदार चुण्या मागे आणि सपाट बाजू पुढे हे समजावून देतो. मित्राच्या लग्नात तुम्ही किल्ट घातला तर घरच्यांना आनंदच होतो. आत काय घालतात हा प्रश्न विचारू नका, त्यांनी तो हजारदा ऐकलाय. भाड्याचा असेल तर अंतर्वस्त्र घाला, दुकानाचीही तीच अपेक्षा असते.

हॅगिस म्हणजे नक्की काय? शाकाहारी माणसाने काय खायचं?

मेंढीचं यकृत, हृदय आणि फुप्फुसं बारीक करून त्यात ओट्स, कांदा, चरबी आणि भरपूर मिरी. पूर्वी हे सगळं मेंढीच्या पोटाच्या पिशवीत भरून शिजवत, आता बहुधा कृत्रिम आवरण असतं. सोबत पिवळ्या सलगमचा आणि बटाट्याचा लगदा. वजडी खाणाऱ्या घरातला माणूस दुसऱ्यांदा वाढून घेतो. २५ जानेवारीला, कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिवशी, हॅगिस वाजतगाजत ताटातून आणतात, त्याच्यावरची बर्न्सची कविता म्हणतात आणि ठरलेल्या ओळीला त्यात सुरी खुपसतात. एका शेतकऱ्याच्या पोराची, त्याच्याच बोलीतली कविता बँकेचे साहेब आणि शाळकरी मुलं सारख्याच जोशात म्हणतात. जमलं तर एकदा हजर राहा.

शाकाहारी हॅगिस १९८४ पासून मिळतं. डाळी, राजमा, ओट्स आणि बियांचं, आणि माझ्या मते मूळ पदार्थाहून चांगलं लागतं. ग्लासगोत त्याचे पकोडेही मिळतात. खबरदारी घ्यायची ती चिप्सबद्दल. बरेच ‘चिप्पी’वाले गोमांसाच्या चरबीत तळतात, म्हणून आधी विचारा. विचारण्यात काही वावगं नाही. चिप्पीत तुम्हालाही एक प्रश्न येईल. एडिनबरात ‘सॉल्ट अँड सॉस?’, ग्लासगोत ‘सॉल्ट अँड व्हिनेगर?’ एडिनबराचा तो सॉस तपकिरी, पातळ, आंबूस. ग्लासगोकर त्याला नाकं मुरडतात. दोन शहरांचं एकमेकांबद्दल जे काही मत आहे ते यात आलं.

बाकी बटाटा आणि मैद्याची तव्यावरची टॅटी स्कोन, साखर-लोणी-कंडेन्स्ड दुधाचं ‘टॅब्लेट’, शॉर्टब्रेड हे सगळं निर्धास्त खा. मासे खात असाल तर धुरावलेल्या हॅडॉकचं कलन स्किंक हे सूप चुकवू नका. आर्न-ब्रू हे नारिंगी पेय १९०१ पासूनचं. चव सांगता येत नाही, डोकं दुखत असलेल्या सकाळी लोक ते औषधासारखं पितात.

आणि हो, चिकन टिक्का मसाला आपल्याकडेच जन्मला असा ग्लासगोच्या शीश महल हॉटेलचा दावा आहे. तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकासाठी कोरड्या टिक्क्यावर टोमॅटो सूपचा रस्सा ओतला, अशी ती गोष्ट. खरी-खोटी कोण ठरवणार.

त्यांचं इंग्रजी कळतच नाही, काय करू?

महिनाभर थांबा. तुम्ही ऐकताय त्यात इंग्रजीसोबत ‘स्कॉट्स’ मिसळलेली असते, आणि ती स्वतःचं साहित्य असलेली भाषा आहे. ‘आय’ म्हणजे हो, ‘वी’ म्हणजे छोटं (पण प्रत्येक गोष्टीला लावतात, दोन तासांच्या मीटिंगलाही), ‘मेसेजेस’ आणायला जाणं म्हणजे वाणसामान आणायला जाणं. ॲबर्डीनकडे कुणी ‘फिट लाइक?’ म्हणालं तर तो तुमच्या तब्येतीची चौकशी करतोय. एक गोष्ट आपल्या सोयीची आहे. ‘व्हेअर डू यू स्टे?’ असं आपण विचारलं की लंडनवाला हॉटेलचं नाव सांगतो, इथला माणूस घराचा पत्ता सांगतो. त्यांचीही तीच पद्धत.

गेलिक ही तिसरी, अगदी वेगळी भाषा. स्टेशनांच्या पाट्यांवर दिसते, बोलली जाते मुख्यतः पश्चिमेच्या बेटांवर. २०२२ च्या जनगणनेत ती थोडीफार येणारे सुमारे १ लाख ३० हजार होते. २०२५ च्या कायद्याने गेलिक आणि स्कॉट्स दोन्हींना अधिकृत दर्जा मिळाला.

कौतुकाचं मोजमापही वेगळं आहे. तुमच्या कामाला ‘नॉट बॅड’ म्हणाले तर खूश व्हा.

टेनेमेंट म्हणजे काय? घर घेताना काय बघू?

वालुकाश्मात बांधलेल्या तीन-चार मजली जुन्या इमारती. ग्लासगोत लाल आणि पिवळसर दगडाच्या. भिंती जाड, छत उंच, खिडक्या मोठ्या. मधल्या सामाईक जिन्याला ग्लासगोत ‘क्लोज’ म्हणतात, एडिनबरात ‘स्टेअर’. पत्ता लिहिताना ग्लासगोकर ‘२/१’ लिहितात: दुसरा मजला, पहिलं दार. तळमजला शून्य. हे डिलिव्हरीवाल्याला नीट सांगितलं नाही तर तुमचा डबा वरच्या मजल्यावर पोचतो.

जिना धुण्याची पाळी असते. पूर्वी ‘या आठवड्यात तुमची पाळी’ असं कार्ड शेजारीण दाराच्या मुठीला अडकवून जायची. आता बऱ्याच इमारतींत देखभाल करणारी कंपनी असते, तिला ‘फॅक्टर’ म्हणतात, आणि तिच्या बिलावर तक्रार करणं हा शेजाऱ्यांना एकत्र आणणारा कार्यक्रम आहे. स्वयंपाकघराच्या छताला दोरीने वरखाली होणाऱ्या लाकडी पट्ट्या दिसतील. वाड्यात वाढलेल्याला सांगायला नको, ती वलणीच. फक्त कपडे तिच्यावर घालून खिडकी बंद ठेवलीत तर भिंतीला बुरशी धरते. ती घरमालकाची चूक की भाडेकरूची, यावर मग पत्रव्यवहार सुरू होतो.

भाड्याच्या करारात हे लक्षात ठेवा: अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि ती मान्यताप्राप्त योजनेत जमा करावी लागते. एजंटने तुमच्याकडून ‘प्रोसेसिंग’ शुल्क घेणं बेकायदा आहे. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर काउन्सिल टॅक्स माफ.

डॉक्टर, औषधं, बस?

आल्याआल्या जवळच्या जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवा. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं २०११ पासून मोफत आहेत, इंग्लंडमध्ये पैसे पडतात. बाविशीच्या आतल्यांना आणि साठीपुढच्यांना कार्ड काढलं की बस फुकट. हे इथे राहणाऱ्यांसाठी, पाहुण्या आजी-आजोबांसाठी नाही. त्यांचा प्रवासी आरोग्य विमा भारतातूनच काढून आणा.

व्हिस्कीबद्दल काय माहीत असावं?

स्कॉच म्हणवून घ्यायचं तर ती स्कॉटलंडमध्येच, ओकच्या पिंपात, किमान तीन वर्षं मुरावी लागते. आयला बेटाची धुरकट, स्पेसाइडची बहुधा गोडसर. बाटल्यांच्या संख्येने पाहिलं तर हल्लीच्या वर्षांत सगळ्यात मोठं गिऱ्हाईक भारतच. त्यात पाणी घालू नये हा गैरसमज आहे, थेंबभर घालतातच.

दारूच्या दुकानात सकाळी दहाच्या आधी आणि रात्री दहानंतर विक्री बंद. किमान किमतीचा कायदाही आहे. सध्या एका युनिटला (१० मिली शुद्ध अल्कोहोलला) ६५ पेन्स, म्हणजे ७०० मिलीची ४० टक्क्यांची बाटली १८ पाउंड २० पेन्सच्या खाली विकता येत नाही. दारूने या समाजाचं बरंच नुकसान केलं आहे, म्हणून हे कायदे. पिण्याचा आग्रह मात्र फारसा होत नाही, पबमध्ये लिंबूपाणी घेऊन बसलात तरी कुणी काही बोलत नाही.

ख्रिसमस मोठा की नवं वर्ष?

नवं वर्ष. सुधारणावादी चर्चला ख्रिसमसचा थाट मान्य नव्हता, आणि इथे २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये सुरू झाली. त्यामुळे सगळा जोर ३१ डिसेंबरच्या ‘हॉग्मने’वर, आणि १ जानेवारीसोबत २ जानेवारीलाही सुट्टी. बारा वाजल्यानंतर उंबरठा ओलांडणारा पहिला माणूस उंच आणि काळ्या केसांचा असावा, हातात कोळसा, शॉर्टब्रेड, व्हिस्की असावी, की वर्ष चांगलं जातं. सोनेरी केसांचा अनोळखी माणूस दारात म्हणजे व्हायकिंग, असं त्याचं कारण सांगतात. या एका रात्री आपल्याला शेजारीपाजारी फार मागणी असते.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी काही?

भरपूर. २००३ च्या कायद्याने इथे जवळपास सगळ्या मोकळ्या जमिनीवर, खासगी असली तरी, जबाबदारीने चालण्याचा आणि तंबू ठोकण्याचा हक्क आहे. तीन हजार फुटांवरच्या २८२ शिखरांना ‘मन्रो’ म्हणतात. १८९१ मध्ये ह्यू मन्रो यांनी पहिली यादी केली आणि तेव्हापासून लोक ती पूर्ण करण्याच्या मागे लागलेत. त्यातलं सगळ्यात उंच बेन नेव्हिस १,३४५ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा ३०१ मीटरने कमी. म्हणून त्याला हलक्यात घेऊ नका. चढाई जवळपास समुद्रसपाटीपासून सुरू होते, माथ्यावर ढग उतरला की दहा पावलांपुढचं दिसत नाही, आणि मे महिन्यातही बर्फ असू शकतं. नकाशा आणि होकायंत्र घ्या, वापरायला शिका. उन्हाळ्यात पश्चिमेला मिज नावाच्या चिलटांचे थवे असतात. वारा पडला की ती हल्ला करतात, डोक्यावरची जाळी दिसायला वाईट पण उपयोगाची.

महाराष्ट्राचा आणि स्कॉटलंडचा काही संबंध?

वाटतो त्याहून बराच जुना. पेशवाई बुडाली तेव्हा पुण्यात रेसिडेंट असलेले आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन डम्बार्टनकडचे. त्यांच्यानंतरचे गव्हर्नर जॉन माल्कम डमफ्रीसशायरचे. महाबळेश्वरची माल्कम पेठ त्यांच्याच नावाची. (तिथल्या ऑर्थर सीटचं नाव मात्र एडिनबराच्या त्याच नावाच्या टेकडीवरून आलेलं नाही, ते आर्थर मॅलेट यांच्यावरून.) विल्सन कॉलेज ज्यांच्या १८३२ च्या शाळेतून वाढलं ते जॉन विल्सन लॉडर गावचे.

मराठी वाचकाला सगळ्यात जवळचं नाव जेम्स ग्रँट डफ. जन्म बॅन्फचा, १७८९. साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी नेमणूक असताना त्यांनी बखरी आणि दप्तरं गोळा केली आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा तीन खंडी इतिहास छापला. नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी तरुण वयातच त्यातल्या चुकांवर बोट ठेवलं, आणि मराठीतल्या इतिहासलेखनाला त्या वादातून धार आली. आणखी एक नाव पॅट्रिक गेडिस यांचं. एडिनबराच्या जुन्या शहरातल्या कोंदट वस्त्या पाडायच्या नाहीत, दुरुस्त करायच्या, असं म्हणणारा हा माणूस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. रॉयल माइलवर ज्या मनोऱ्यात पर्यटक तिकीट काढून कॅमेरा ऑब्स्क्युरा बघतात, तो एकेकाळी गेडिस यांचा होता. एवढी नावं वाचून अभिमान वाटून घ्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. यातले बहुतेक जण राज्य करायला किंवा धर्म सांगायला आले होते.

केलीला (पारंपरिक सामूहिक नाचाच्या कार्यक्रमाला) बोलावलंय. नाचता येत नाही.

जा. कुणालाच येत नाही. एक जण माइकवर पावलं सांगत असतो, चुकलात तर पुढचा तुमचा हात धरून योग्य जागी ढकलतो. सपाट बूट घाला, पाणी प्या. ‘स्ट्रिप द विलो’ या नाचाला घड्याळ आणि बांगड्या काढून ठेवा.

सेल्टिक की रेंजर्स?

हे ग्लासगोचे दोन मोठे फुटबॉल क्लब, पण इथे हा प्रश्न फुटबॉलपुरता नसतो. मागे कॅथलिक-प्रोटेस्टंट आणि आयर्लंडचं जुनं राजकारण आहे. सामन्याच्या दिवशी हिरवा किंवा निळा शर्ट घालून पबमध्ये जाऊ नका. सुटका हवी असेल तर ‘पार्टिक थिसल’ (शहरातला आणखी एक क्लब) म्हणा, लोक हसतात आणि विषय बदलतो.

क्रिकेट खेळतात का?

खेळतात, आणि क्लबांना खेळाडू हवेच असतात. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना, ३० नोव्हेंबर १८७२, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड, ०-०, ग्लासगोच्या पार्टिकमधल्या एका क्रिकेट क्लबाच्या मैदानावर झाला, आणि तिथे क्रिकेट अजून चालतं. १० जून २०१८ ला एडिनबरात स्कॉटलंडने ३७१ धावा करून इंग्लंडला सहा धावांनी हरवलं. क्लबात नाव नोंदवायला एप्रिलच्या आत जा, मोसम सप्टेंबरपर्यंतच असतो. आणि स्वेटर आणा, स्लिपमध्ये उभं राहायचंय.